बाण, घार, पाकोळी, बांगडी

राजेश्वरी शेलारला विमानं मी शिकवली. हे एवढं वाक्य चारचौघांत उच्चारायला मला सव्वीस दिवस लागले, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीची. मी नेरूळच्या एका मराठी शाळेत पाचवी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. वय चोवीस. नोकरीला सात महिने झालेले, अजून कायम व्हायचं होतं. आमचं मूळ गाव म्हसळ्याजवळ. माझे वडील इसाक, त्यांना मी अब्बा म्हणते, तीस वर्षं बोटीवर खलाशी होते. आई मी लहान असतानाच गेली. त्र्याण्णवच्या दंगलीत परळच्या चाळीतली खोली सोडून आम्ही दोन ट्रंकांनिशी निघालो आणि नेरूळला सिडकोच्या एका खोलीच्या घरात आलो. नोकरीसाठी मी दोन शाळांत गेले. दोन्हीकडे अर्जावरचं नाव वाचून “कळवतो” म्हणाले. तिसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक होते हौसेराव जगदाळे. त्यांनी माझी डी.एड.ची गुणपत्रिका पाहिली, फळ्यावर दोन ओळी लिहायला लावल्या आणि म्हणाले, “अक्षर चांगलंय. सोमवारपासून या.”

हे मी कधी विसरले नाही. पुढे जे मी केलं, त्यात याचाही हात होता.

शुक्रवारी शेवटचा तास कार्यानुभवाचा असायचा. अभ्यासक्रमात त्या महिन्याला ‘कागदाची पाकिटे’ होतं. बावन्न मुलं, डिंकाच्या तीन बाटल्या, त्यातली एक वाळलेली. वीस मिनिटांत सगळ्यांच्या बोटांना कागदाचे कपटे चिकटले आणि वर्ग वैतागला. मी म्हटलं, ठेवा ती पाकिटं. आज आपण विमानं करू.

विमानं मला अब्बांनी शिकवली होती. बोट बंदरात आठ-आठ दिवस नांगरून पडली की खलाशांना काम नसायचं. कुणा परदेशी सोबत्याकडून अब्बा ती शिकले आणि रजेवर आले की मला वर्तमानपत्राची करून दाखवायचे. नावं आम्ही दोघांनी ठेवलेली. बाण सगळ्यात सोपा. कागद उभा मधोमध दुमडून उघडायचा, वरचे दोन कोपरे मधल्या रेघेवर आणायचे, तिरप्या कडा पुन्हा एकदा मधे आणायच्या, की झाला. सरळ सुटतो आणि भिंतीवर नाक आपटतो. पाकोळीचं नाक जड. पुढची कड चार-पाच वेळा गुंडाळायची, पंख रुंद ठेवायचे, मग ती गिरकी घेऊन परत आपल्याकडेच येते. बांगडी म्हणजे नुसतं कडं. कागद कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडून, लांब कड दोनदा आत वळवून टोकं एकमेकांत खुपसायची. तिला पंख नसतात, म्हणून ती उडेल असं कुणाला वाटत नाही, आणि ती उडते.

घार सगळ्यात अवघड. वरचे कोपरे मधे आणून झालेलं त्रिकोणी टोक खाली पाडायचं, पाकिटाच्या झाकणासारखं. मग पुन्हा कोपरे मधे घ्यायचे, पण पार टोकापर्यंत नाही. खाली जो इवला त्रिकोण उघडा राहतो, तो वर दुमडून त्या कोपऱ्यांना कुलूप लावायचं. कुलूप सैल बसलं तर घार हवेतच उलगडते.

वहीच्या पानाची घार नीट बसत नव्हती. पान पातळ पडत होतं. मी ऑफिसात गेले. क्लार्क जागेवर नव्हते, कपाट उघडं होतं. खालच्या फळीवर शाळेच्या लेटरहेडचा गठ्ठा होता. जाड, करकरीत कागद, वर निळ्या अक्षरांत शाळेचं नाव. मी दहा-बारा कागद उचलले. सोमवारी क्लार्कना सांगू, असं मनात होतं. सोमवारी ध्यानात राहिलं नाही.

वर्गात मी सांगितलं, ज्याची घडी सुबक, त्याला हा चांगला कागद. सहा-सात मुलांना एकेक मिळाला. राजेश्वरीला चार मिळाले.

राजेश्वरी तिसऱ्या बाकावर बसायची. किडकिडीत, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, गणितात कच्ची, विचारल्याशिवाय न बोलणारी. शिरवण्यात राहायची. वडील शहाजी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहायचे. आई गोजरा तिथेच कांदा निवडायला जायची. मूळचे साताऱ्याकडचे. सात महिन्यांत ही मुलगी मला अशी डोळ्यांत भरली नव्हती. त्या दिवशी तिनं घडी घातली आणि नखानं ती अशी दाबली, की कागदावर सुरीनं ओढावी तशी रेघ उठली. दुसऱ्या खेपेला तिनं घारीच्या पंखांना मागून दोन बारीक चिरा दिल्या आणि कडा जराशा वर वळवल्या.

“हे मी नाही शिकवलं,” मी म्हटलं.

“असं केलं की नाक वर ऱ्हातं, बाई.”

तिनं ती सोडली. वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घार तरंगत गेली, पंखसुद्धा न हलवता, आणि नकाशाला लागून खाली बसली. बावन्न मुलं ओरडली. राजेश्वरी इतकी लाजली की तोंड दप्तरात घालून बसली.

तास सुटताना ती माझ्या टेबलाशी आली. “बाई, ही भाईर सोडली तर कुटवर जाईल?”

मी खडू आवरत होते. “उंचावरून सोडलीस तर जाईल की पार खाडीपर्यंत.”

एवढंच बोलले मी.

आमच्या शाळेची इमारत तीन मजली. चौथा मजला चढवायचा म्हणून गच्चीला पुरता कठडा बांधला नव्हता. गुडघाभर उंचीची विटांची ओळ, मधे मधे खांबांच्या उघड्या सळ्या. दाराला कुलूप नव्हतं, कडी तारेनं बांधलेली असायची. संक्रांतीच्या दिवशी आजूबाजूच्या पोरांनी पतंग काढायला ती तार सोडली, ती कुणी पुन्हा बांधली नाही.

सतरा तारखेला, सोमवारी, मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. आमच्या शिपाईणबाई सुंदराबाई दारात आल्या. त्यांना बोलता येईना. हातानंच त्यांनी “या, या” केलं.

राजेश्वरी इमारतीच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या फरशीवर पडली होती. तिच्याबरोबर गच्चीवर गेलेल्या दोन मुली जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते असं: राजेश्वरी विटांच्या ढिगावर चढून घार सोडायला उभी राहिली. घार सुटली, वाऱ्यानं लगेच मागे फिरली, आणि ती धरायला तिनं हात लांब केला.

मी आणि सुंदराबाईंनी तिला रिक्षात घेतलं. वाशीच्या हॉस्पिटलकडे निघालो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सानपाड्याच्या पुढे गेल्यावर मला कळलं की आता घाई करून उपयोग नाही, तरी मी रिक्षावाल्याला “लवकर, लवकर” म्हणतच राहिले.

शहाजी शेलार मार्केटातून तसेच आले. अंगावर कांद्याची फोलपटं, डोक्याला गुंडाळलेलं फडकं. डॉक्टरांनी सांगितल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले आणि मला म्हणाले, “बाई, तुमच्या साडीला लागलंय.” जणू ते पुसायची जबाबदारी त्यांची होती.

संध्याकाळी मी शाळेत परतले तेव्हा फाटकाशी साठ-सत्तर माणसं जमली होती. मला बघून कुणीतरी म्हणालं, “हीच ती वर्गाची बाई.” दुसरा म्हणाला, “नाव काय तिचं?” तिसऱ्यानं नाव सांगितलं. त्यानंतर जी शांतता पसरली, ती मी परळला एकदा ऐकली होती. कुणी मला बोटही लावलं नाही. मी आत गेले.

जगदाळे सर खुर्चीत बसले होते. डोळे लाल. रडले होते, हे नक्की. टेबलावर राजेश्वरीचं दप्तर, आणि दप्तरातून निघालेली तीन विमानं ओळीनं ठेवलेली. बाण, पाकोळी, बांगडी. तिन्हींवर निळ्या अक्षरांत शाळेचं नाव.

“हा कागद ऑफिसातला,” सर म्हणाले. “क्लार्क म्हणतात, त्यांनी कुणाला दिला नाही.”

मी त्या तीन विमानांवरून नजर काढली.

“बाई, तुम्ही वर्गात असलं काही घेतलं होतं का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली. मला वाटतं, उत्तर त्यांना माहीत होतं. खिडकीतून फाटकावरची माणसं दिसत होती.

“बाहेरचं वातावरण तुम्ही पाहिलंत,” ते हळू म्हणाले. “तुम्ही नव्या. त्यात... मी स्पष्ट बोलत नाही, तुम्हाला कळतंय. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कठड्याचं निघालं तर संस्था मला पुढे करील. विमानांचं निघालं तर लोक तुम्हाला धरतील. तुमच्या भल्यासाठीच सांगतो. पोर गेली. आता कुणाला काही केलं तरी ती येणार नाही.”

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. टाइप केलेला होता. ‘सदर विद्यार्थिनीने कार्यालयातील कोरे लेटरहेड चोरून घेतले व मधल्या सुट्टीत शिक्षकांची नजर चुकवून प्रवेश बंद असलेल्या गच्चीवर गेली. वर्गात असा कोणताही उपक्रम घेण्यात आलेला नाही.’

‘चोरून’ हा शब्द मी दोनदा वाचला. सर म्हणाले, “नुसतं ‘घेतले’ लिहिलं तर दिले कुणी, असं विचारतील.”

मी सही केली. पोलिसांनाही तसंच सांगितलं. त्या दोन मुलींच्या आयांनी मुलींना घरी बसवलं आणि त्यांनी काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं. ज्यांच्याकडे माझे बाकीचे कागद होते, त्यांच्या घरची विमानं चुलीत गेली असावीत. बावन्न मुलांच्या वर्गात शुक्रवारचा तो तास घडलाच नव्हता.

आठवड्यानं गच्चीच्या दाराला मोठं कुलूप लागलं. पुढच्या सोमवारी प्रार्थनेनंतर सरांनी मुलांना शिस्तीवर चार शब्द सांगितले. शाळेची वस्तू न विचारता घेणं हीसुद्धा चोरी, आणि एक चूक माणसाला कुठवर नेते, असं ते म्हणाले. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

राजेश्वरीची धाकटी बहीण वैजयंती, घरचं नाव वैजू, आमच्याच शाळेत दुसरीत होती. तेराव्यानंतर ती शाळेत आली. चौथ्या दिवशी मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं, पाच-सहा पोरं तिच्याभोवती गोल धरून ओरडत होती, “चोरटीची बहीण, चोरटीची बहीण.” मी त्यांना हाकललं. दोघांच्या पाठीत धपाटे घातले. वैजू माझ्याकडे बघून म्हणाली, “बाई, माझी ताई चोर होती?”

“नाही गं,” मी म्हटलं.

“मग मोठे सर का म्हनले?”

मी तिला वर्गात जायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

दोन दिवसांनी गोजराबाई शाळेत आली. उभी फाटकाशीच राहिली, आत यायला तयार होईना. मी बाहेर गेले. तिच्या हातांना मातीचा आणि कांद्याचा वास होता. मार्केटातूनच आली होती.

“बाई, एक इचारायला आले,” ती म्हणाली. “आमची राजी घरी सांगायची, आबिदाबाईंनी इमानं शिकवली. चांगल्या कागदाची दिली. मोठ्या सरास्नी म्या हे सांगितलं. ते म्हनले, पोरं घरी खोटं सांगत्यात. ती खोटं सांगत व्हती का, बाई?”

फाटकाच्या आत सुंदराबाई झाडत होत्या. त्यांचा झाडू थांबला.

मी म्हणाले, “मला आठवत नाही.”

गोजराबाई माझ्याकडे बघत राहिली. रागावली नाही. नुसती बघत राहिली, जशी बाई बाजारात एखादी गोष्ट नीट पारखून घेते. मग “बरं” म्हणाली आणि वळून गेली. सुंदराबाईंनी झाडू पुन्हा सुरू केला. त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासाठी चहाचा कप आणणं बंद केलं.

घरी मी अब्बांना सगळं सांगितलं. त्यांना तोवर मी इतकंच सांगितलं होतं की वर्गातली एक मुलगी पडून गेली. अब्बा ऐकत बसले. विमानांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

“बाय, गप्प राहा,” ते म्हणाले. “तू सही केलीस, झालं. आता उलटं बोलशील तर पोलीस म्हणतील, आधी खोटं का बोललीस? लोक म्हणतील, हिनंच पोर मारली. परळला आपण काय केलं होतं? काहीच नाही. तरी निघावं लागलं. इथं तर तू काहीतरी केलंयस.”

“म्हणूनच तर, अब्बा.”

“मी आता तिसरं घर शोधणार नाही.” ते रागानं बोलले. “माझ्यात ताकद नाही.”

मला त्यांचं खोटं वाटलं नाही. त्या माणसानं तीस वर्षं समुद्रावर काढून केलेली खोली दोन तासांत सोडली होती. मी जेवले, भांडी घासली. दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, शाळा सुटल्यावर घरी न जाता मी शिरवण्याला गेले.

शेलारांची खोली गावातल्या एका घरमालकानं बांधलेल्या चाळीत होती. पाच खोल्यांची रांग, समोर पाण्याचा नळ. वैजू शाळेचा फ्रॉक घालून उंबऱ्यावर बसली होती. संध्याकाळ होत आली होती आणि ती शाळेत गेलेलीच नव्हती, तरी फ्रॉक घातला होता. शहाजी आत सतरंजीवर पडले होते. मला पाहून उठून बसले. गोजराबाईनं पाणी दिलं. मी ते घेतलं आणि हातात धरून ठेवलं.

“विमानं मी शिकवली,” मी म्हटलं. “कागद मी दिला. तिनं चोरला नाही. उंचावरून सोडलं तर खाडीपर्यंत जाईल, हेही मीच म्हणाले. मी खोटी सही केली.”

शहाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. उठले, पायात चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. नळाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

गोजराबाईनं दारातून त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं विचारलं, “रिक्षात तुमी व्हता ना?”

“हो.”

“कुटवर जित्ती व्हती?”

“सानपाड्यापर्यंत.”

“काय बोलली?”

मला खोटं बोलता आलं असतं. त्या क्षणी एक चांगलं खोटं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. “काही नाही,” मी म्हटलं.

“आई म्हनली?”

“नाही. तिला शुद्ध नव्हती.”

गोजराबाईनं पदर तोंडात कोंबला आणि तिच्या घशातून एक आवाज आला. वैजू उंबऱ्यावरून उठून तिला बिलगली. मी पुढे झाले तर तिनं हात वर केला. तिथंच थांबा, असा.

जरा वेळानं ती म्हणाली, “हितं कशाला सांगता आमाला? आमाला म्हाईत व्हतं. जितं खोटं बोललात तितं जाऊन बोला. साऱ्या पोरांम्होरं माझ्या पोरीला चोर केली. त्या पोरांम्होरं बोला.”

मी पेला खाली ठेवला आणि निघाले. नळाशी शहाजी उभे होते. मी जवळून गेले तरी त्यांनी मान वळवली नाही.

शुक्रवारी मी सरांना सांगितलं की मला जबाब बदलायचा आहे. त्यांनी दार लावून घेतलं. तासभर समजावलं, मग रागावले, मग हात जोडले. वयानं वडिलांसारखा माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा होता. “निदान मार्चपर्यंत थांबा,” म्हणाले. “परीक्षा होऊ द्या.” मी काही कबूल केलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा. मैदानात सगळे वर्ग रांगांनी उभे. प्रतिज्ञा झाली, बातम्या झाल्या. मुलांना ‘विश्राम’ म्हणायच्या आत मी पुढे गेले. माईक नव्हताच, वर्गावर ओरडते त्याच आवाजात बोलले.

“पाचवी ‘ब’मधली राजेश्वरी शेलार हिनं कागद चोरला नव्हता. तो मी तिला दिला होता. विमान करायला मी शिकवलं होतं. तिच्याबद्दल तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे, आणि त्या खोट्यावर माझी सही आहे.”

आठशे मुलं होती. पुढच्या रांगांतली पोरं वळून मागच्या वर्गांकडे बघू लागली. मग पाचवी ‘ब’च्या रांगेत एक मुलगी रडायला लागली. गच्चीवर गेलेल्या दोघींपैकी एक. ती रडली तशी तिच्या मागची रडायला लागली, आणि सगळा वर्गच रडू लागला. सव्वीस दिवस त्यांनाही कुणी बोलू दिलं नव्हतं.

सर माझ्याजवळ आले. “बाई, आत चला,” इतकंच म्हणाले. आवाज चढवला नाही.

ऑफिसात त्यांनी ड्रॉवर उघडून दोन कार्बन कॉप्या टेबलावर ठेवल्या. गच्चीच्या कठड्याबद्दल संस्थेला लिहिलेली पत्रं. एक मागच्या वर्षीचं, एक ऑगस्टमधलं. “मीही लिहिलं होतं,” ते म्हणाले. “मला काही वाटत नव्हतं असं समजू नका.”

“मग ही पुढे द्या ना, सर.”

त्यांनी पत्रं उचलली, बघितली, आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवून ड्रॉवर लावला. “तुम्ही जा आता,” म्हणाले.

सोमवारी मला पत्र मिळालं. काम समाधानकारक नसल्याने सेवा समाप्त. मी पोलीस ठाण्यात जाऊन नवा जबाब द्यायला बसले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “तुम्ही ढकललं का तिला?” मी नाही म्हटलं. “मग अपघातच की. फाईल बंद झाली. घरी जा, बाई.”

ज्या गर्दीची मला भीती होती, ती आमच्या दाराशी कधी आली नाही. चार दिवस अब्बा दाराला आतून टेबल लावून बसले. समोरच्या घरातल्या बाईनं एकदा विचारलं, तब्येत बरी नाही का, दार का लावता? इतकंच. ज्या भीतीवर मी सही केली होती, ती खरी होती की नव्हती, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा ती मला खरी वाटली.

वैजू पुन्हा शाळेत जायला लागली, हे मला सुंदराबाईंकडून कळलं. बाजारात भेटल्या होत्या. “पोरं आता तिला काय बोलत न्हाईत,” म्हणाल्या. “एकटीच असते पन.” मी विचारलं, तिची आई सोडायला येते का? “येते. फाटकाच्या आत पाय ठेवत न्हाई.”

शाळेच्या नोंदींत तो टाइप केलेला कागद होता. तो बदलावा म्हणून मी शिक्षणखात्याला अर्ज केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला, पोच घेऊन. मधल्या काळात मी घरी शिकवण्या सुरू केल्या. सुरुवातीला तीन मुलं आली, मग एक उरलं. अब्बा माझ्याशी बोलत होते, पण माझं तोंड न बघता. कागद हाती लागला की पूर्वी त्यांची बोटं आपोआप काहीतरी दुमडायला लागायची. आता ते वर्तमानपत्रसुद्धा वाचून झाल्यावर सपाट करून ठेवत.

जूनच्या शेवटी खात्याचं उत्तर आलं. एका ओळीचं. चौकशी पूर्ण झालेली असून प्रकरण बंद करण्यात आले आहे, सबब नोंदीत फेरफार करता येणार नाही.

ते पत्र दाखवायला मी शिरवण्याला गेले. शेलारांच्या खोलीला दुसराच पडदा होता. आत बाळ रडत होतं. घरमालकीण नळावर कळशी भरत होती. तिनंच मला ओळखलं.

“गेली गो ती लोका,” ती म्हणाली. “मे म्हयन्यानच खोली सोरली.”

“कुठं गेली?”

“काय म्हाईत? गावाला गेली असतील. नायतर तिकरं कोपरखैरन्याला, हमालांच्या चालीन. काय सांगून नाय गेली.” कळशी भरली, ती तिनं कडेवर घेतली. “तुमचा काय काम होता?”

मी म्हटलं, काही नाही. पत्र पर्समध्ये ठेवलं आणि नेरूळकडे चालायला लागले.

त्यानंतर मी साताऱ्याकडच्या माणसांना, मार्केटातल्या माथाड्यांना पुष्कळदा विचारलं. शहाजी शेलार नावाचे तिथे तिघे निघाले. तिघांपैकी कुणालाही राजेश्वरी नावाची मुलगी नव्हती.